तबकडीवरचा आवाज वाचवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर ती कोरलेली आहे. त्यातलं व्हॉयेजर १ तर २०१२ मध्ये ताऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशात शिरलं. माणसाने बनवलेली कुठलीही वस्तू इतक्या दूर गेलेली नाही.

आणि केसरबाईंचे गुरू, जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ? ते १९४६ साली गेले. भारतात ध्वनिमुद्रण सुरू होऊन तोवर चव्वेचाळीस वर्षं झाली होती, तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी निघाली नाही. १९२२ साली गेलेले थोर गायक भास्करबुवा बखले, त्यांचंही तसंच. जयपूर घराण्याचा उगम कसा गात असेल, याचा अंदाज आपण खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई, मोगूबाई यांच्या तबकड्या ऐकून बांधायचा. सावलीवरून झाडाची उंची काढावी तसा.

जे मुद्रितच झालं नाही, त्याची हळहळ वेगळी. हा लेख जे मुद्रित झालं होतं आणि आज आपल्या डोळ्यांदेखत संपत चाललंय, त्याबद्दल आहे. शंभर-सव्वाशे वर्षांच्या भारतीय संगीताचा फार मोठा भाग माळ्यावरच्या ट्रंकांत, जुन्या बाजारातल्या ढिगांत आणि कुणा संग्राहकाच्या कपाटात पडून आहे. तो वाचवण्यासाठी डिजिटल संग्रह करायचा, असं आपण सहज म्हणतो. पण त्यात काय काय येतं? 'यूट्यूबवर टाकलं की झालं' हे का खरं नाही? आणि हे काम सरकार किंवा कंपनी यांच्यावर सोडून का चालत नाही? गेली काही वर्षं मी सुट्टीच्या दिवशी एका संग्राहक काकांकडे या कामाला बसते. तिथे हात काळे करून जे समजलं, ते इथे मांडते.

आधी वस्तू ओळखू या

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ कलकत्त्याला आला आणि त्याने इथल्या कलाकारांचे आवाज मुद्रित केले. त्या पहिल्या फेरीत गायिका गौहर जान होत्या. मायक्रोफोन तेव्हा नव्हताच. गायकाने एका कर्ण्यात तोंड घालून जिवाच्या आकांताने गायचं, त्या आवाजाच्या जोराने पडदा थरथरायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या चकतीवर चर कोरायची. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं १९२५ नंतर.

कोरलेल्या चकत्या जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथे त्यांच्या तबकड्या छापल्या जात. कलकत्त्यात सियालदाहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. हॅनोव्हरच्या कारागिरांना हिंदी-बंगाली कळणार कुठून? म्हणून गाणं संपताच कलाकाराने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, अशी पद्धत पडली. गौहर जानच्या तबकड्यांच्या शेवटी ऐकू येणारं 'माय नेम इज गौहर जान' हे त्यासाठीच. लेबल छापणाऱ्यासाठी ठेवलेली ती चिठ्ठी होती. पुढे हीच चिठ्ठी संग्राहकांच्या किती कामाला आली, ते खाली येईलच.

या तबकड्या कशाच्या असत? लाखेच्या. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ सोडतात, त्यापासून. जगभरच्या ग्रामोफोन उद्योगाला ही लाख पुरवणारा मुख्य देश भारतच होता. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडी तयार होई. पूड मुद्दाम घालत, कारण तिच्यावर घासून पोलादी पिन लगेच चराच्या मापाची व्हावी. म्हणजे प्रत्येक वेळी वाजताना पिन झिजायची आणि थोडा थोडा चरही झिजायचा. ज्या घरात गाण्यावर जास्त प्रेम, त्या घरातल्या तबकडीची अवस्था जास्त वाईट. सगळ्यात आवडतं गाणंच सगळ्यात खरखरतं, हे कुठल्याही संग्रहात दिसतं.

अशी तबकडी मिनिटाला साधारण ७८ फेरे घेते आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजते. आपल्याकडे १९७० च्या सुमारापर्यंत या तबकड्या निघत होत्या. तासभर चालणारा ख्याल त्या तीन मिनिटांत बसवायचा, म्हणजे विस्तार जवळजवळ गाळायचा, बंदिश मांडायची आणि थेट तानांवर यायचं. त्यामुळे जुन्या तबकड्या ऐकून 'तेव्हाचे लोक इतकं भराभर गायचे का' असा प्रश्न पडतो. बैठकीत ते तसे गात नव्हते, तबकडीसाठी गात होते. संग्रह करणाऱ्याने हे लिहून ठेवलं नाही, तर पन्नास वर्षांनी कुणीतरी यावरून चुकीचा सिद्धांत काढेल.

धुणं, सुई आणि गती

मागच्या पावसाळ्यात काकांकडे एक तबकडी आली. अर्धं लेबल वाळवीने खाल्लेलं, वर बुरशीचा पांढुरका थर, कडेला केसाएवढी चीर. तिच्याबरोबर एक अख्खा दिवस गेला.

पहिलं काम धुण्याचं. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखाद-दुसरा थेंब आणि अगदी मऊ ब्रश. चराच्या दिशेने, गोल गोल. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. स्पिरिट, सॅनिटायझर, अल्कोहोल असलेलं काहीही लाखेला लावायचं नाही. लाकडावर पॉलिश करायला सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे आठवलं की पुरे. चांगल्या हेतूने स्पिरिटचा बोळा फिरवून गुळगुळीत करून टाकलेल्या तबकड्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर आता कोणताही उपाय नाही.

मग सुई. एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची सुई ७८ वर चालत नाही, कारण ७८ चा चर तिप्पट-चौपट रुंद असतो. बारीक सुई त्याच्या तळाशी जाऊन बसते आणि तळातला सगळा कचरा वाजवते. रुंद सुई चराच्या दोन्ही भिंतींना मधोमध टेकते. काकांकडे वेगवेगळ्या जाडीच्या सहा-सात सुया आहेत. थोडी जाड सुई लावली की ती चराच्या वरच्या भागाला टेकते. जुन्या पोलादी पिनेने तिथे झीज केलेली नसेल, तर आवाज एकदम मोकळा होतो. हा बदल कानाने ऐकण्यासारखा असतो. जुनाट पडद्यामागून कुणीतरी पुढे येऊन उभं राहावं तसं वाटतं.

तबकडी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची असली तरी मुद्रण स्टिरिओतच, म्हणजे दोन वाहिन्यांत करायचं. त्यामुळे चराच्या डाव्या आणि उजव्या भिंतीचा आवाज वेगवेगळा मिळतो. एक भिंत खराब असेल तर दुसरी वापरता येते.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, गती. '७८' हा आकडा नंतर पक्का झाला. आधीच्या काळात कुणी ७५ वर मुद्रण केलं, कुणी ८० वर, कुणी आणखी कशावर. तबकडी साडेब्याऐंशी फेऱ्यांची असेल आणि आपण ७८ वर वाजवली, तर सूर हार्मोनियमच्या जवळजवळ एका पट्टीने खाली येतो. पांढरी दोनमध्ये गाणारी बाई काळी एकमध्ये गायल्यासारखी वाटते. लयही मंदावते, आवाजाचा पोतही बदलतो. अमुक गायिकेचा आवाज घोगरा होता, असे शेरे जुन्या तबकड्यांवरून मारले जातात तेव्हा मी आधी विचारते की गती कुणी तपासली होती?

तपासायची कशी? साथीला हार्मोनियम असेल तर ती मोठी मदत असते. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, त्यामुळे षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी लोंबकळत असेल, तर गतीत काहीतरी गडबड आहे. हार्मोनियमचे सूरही सगळीकडे अगदी एकसारखे जुळवलेले नसत, म्हणून हा पुरावा पक्का नाही, पण दिशा दाखवतो. त्याच दिवशी त्याच गायकाच्या मुद्रित झालेल्या दुसऱ्या तबकड्यांशी ताडून पाहायचं. तरीही खात्री नसेल तर ७८ वर मुद्रण करून 'गती निश्चित नाही' असं स्पष्ट लिहायचं. आपल्याला वाटतं म्हणून मूळ फाइलची गती बदलायची नाही.

खरखर काढू नका

हे अनेकांना पटत नाही. गाणं वाचवायचं म्हणजे ते स्वच्छ करायला नको का?

ऐकण्यासाठी एक वेगळी, साफ केलेली प्रत जरूर करावी. पण जपायची मूळ प्रत जशीच्या तशी, खरखरीसकट ठेवायची. खरखर काढणारं सॉफ्टवेअर नको असलेला आवाज आणि हवा असलेला आवाज यांत अंदाजाने फरक करतं. जुन्या तबकडीत तंबोरा आधीच पुसट असतो. त्याची वरची झणकार आणि चराची सळसळ यंत्राला सारखीच वाटते, आणि सफाईत पहिला जातो तो तंबोरा. वीस वर्षांपूर्वी लोकांनी मोठ्या हौसेने 'स्वच्छ' केलेल्या फायली आज ऐकवत नाहीत, पाण्याखालून गायल्यासारख्या वाटतात. मूळ प्रत ठेवली असती तर आजच्या चांगल्या साधनांनी पुन्हा काम करता आलं असतं.

मूळ प्रतीसाठी ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुचवलेलं माप साधारण असं आहे: सेकंदाला ९६,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा, आणि फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारची. आवाजाची लाट म्हणजे वळणावळणाची रेघ, असं समजा. ती आलेख कागदावर उतरवायची आहे. नमुने जितके जास्त, तितके आडव्या दिशेने ठिपके दाट. बिट जितके जास्त, तितक्या उभ्या दिशेच्या रेषा बारीक. सीडीसाठी ४४,१०० नमुने आणि १६ बिट पुरतात, पण संग्रहात जास्त ठेवतात. कारण टिक-टिक आवाजाची टोकं नेमकी सापडली, तर ती पुढे नीट काढता येतात.

या मापाने तबकडीची एक बाजू सुमारे १२० एमबी होते. तीच बाजू साध्या एमपी३ मध्ये साडेतीन एमबीच्या आत बसते, कारण कानाला जाणवणार नाही असं वाटलेलं सगळं एमपी३ फेकून देतं, आणि फेकलेलं परत येत नाही. ऐकायला एमपी३, जपायला डब्ल्यूएव्ही. दहा हजार बाजूंचा संग्रह म्हटला तरी १.२ टीबी होतो, म्हणजे हातात मावणाऱ्या एका डिस्कचं काम. जागा ही आता अडचण राहिलेली नाही, अडचण आहे माणसाच्या वेळेची. साडेतीन मिनिटांच्या एका बाजूला धुण्यापासून नोंदीपर्यंत आम्हाला किमान अर्धा तास लागतो. दहा हजार बाजूंना पाच हजार तास. रोज आठ तास बसलं तरी सव्वासहाशे दिवस.

नाव नसलेला आवाज

आवाज उतरवून घेतला, तरी अर्ध्याहून जास्त काम अजून बाकीच असतं. 'ट्रॅक ०१७' नावाच्या फाइलमध्ये साक्षात कुणीही गात असो, ती शोधणार कोण आणि कशी?

प्रत्येक तबकडीवर दोन क्रमांक असतात. एक लेबलवर छापलेला, तो विक्रीचा क्रमांक. दुसरा लेबलजवळच्या मोकळ्या जागेत कोरलेला किंवा दाबलेला, तो मेट्रिक्स क्रमांक. तो त्या विशिष्ट मुद्रणाचा असतो. एकच गाणं दोनदा मुद्रित केलं असेल तर विक्रीचा क्रमांक एकच राहू शकतो, पण मेट्रिक्सवरून कळतं की हातातली तबकडी कोणत्या वेळची. या क्रमांकांच्या ओळी लावून कंपनीचा तंत्रज्ञ कुठल्या वर्षी कुठल्या शहरात होता, तिथे कुणाकुणाचं गाणं घेतलं, हे जुळवता येतं. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनिअर यांनी भारतीय मुद्रणांच्या अशा सूच्या करण्यात आयुष्याची वर्षं घातली. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने, आणि त्यातल्या सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी, संग्राहकांच्या डोक्यातली माहिती कागदावर आणली. या याद्या नसत्या तर आजचं निम्मं काम अंधारात चाललं असतं.

वाळवीने खाल्लेल्या त्या लेबलवर आम्हाला विक्रीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे आणि 'बाई' एवढंच वाचता आलं. मेट्रिक्स क्रमांक मात्र बॅटरीचा झोत तिरका धरल्यावर नीट दिसला. सूचीत शोधला, गायिकेचं नाव मिळालं. मग आम्ही तबकडीच्या शेवटाकडे कान लावून बसलो, आणि गाणं संपल्यावर खरखरीत बुडालेलं नाव दोनदा-तीनदा ऐकल्यावर लागलं. सूची आणि आवाज जुळले. हार्मोनियम कुणी वाजवली, तबला कुणी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. जुन्या लेबलांवर साथीदारांची नावं बहुधा नसतातच. त्या रकान्यात आम्ही 'नोंद नाही' असं लिहिलं.

रकाना कोरा सोडणं आणि 'नोंद नाही' लिहिणं, यांत फरक आहे. कोऱ्या रकान्याचा अर्थ 'कुणी पाहिलंच नाही' असाही होतो. तसंच लेबलवर छापलेलं, आपल्या कानाला ऐकू आलेलं आणि आपण तर्काने काढलेलं, या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या रकान्यांत जातात. लेबलवर एक राग छापलेला असतो आणि गाणं दुसऱ्याच रागात असतं, असं अनेकदा घडतं. लेबल दुरुस्त करायचं नाही. 'छापील: अमुक, ऐकून: तमुक, ऐकणारा: कोण, कधी' एवढं लिहायचं. नावांचंही तेच. एकाच गायिकेचं नाव रोमन लिपीत पाच प्रकारे, देवनागरीत दोन प्रकारे, उर्दू-बंगालीत आणखी वेगळं. सगळे प्रकार ठेवायचे आणि ते एकाच व्यक्तीच्या एकाच ओळखक्रमांकाला जोडायचे, म्हणजे कुणी कसंही शोधलं तरी माणूस सापडतो.

हे कंटाळवाणं वाटेल. मला सुरुवातीला वाटायचं. आता वाटतं की गाणाऱ्या बाईला तिचं नाव परत मिळवून देणं, हाच या कामातला सगळ्यात मानाचा भाग आहे.

संगणकात ठेवलेलंही मरतं

२०१९ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाने कबूल केलं की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळातलं तिथे चढवलेलं संगीत नष्ट झालं. सुमारे पाच कोटी गाणी. नव्या शतकातली, डिजिटल जन्मलेली. लाखेची तबकडी शंभर वर्षं माळ्यावर पडून तरी वाजते, ही गाणी पंधरा वर्षंही टिकली नाहीत. कारण ती एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण गाणी जपण्यासाठी नव्हतं, धंद्यासाठी होतं. यूट्यूबवर टाकलेली प्रत म्हणजे जाहिरातीच्या फलकावर लावलेला फोटो. लोक बघतात, छान आहे, पण निगेटिव्ह तुमच्याकडे हवी.

म्हणून साधा नियम: किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या गावात. आग, पूर आणि चोर एकाच वेळी दोन गावांत सहसा येत नाहीत.

प्रती ठेवल्या तरी त्या बिघडल्या नाहीत ना, हे कळायचं कसं? डिस्कवर एखादा बिट गुपचूप उलटतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्यासाठी प्रत्येक फाइलच्या अंगठ्याचा ठसा घेतात. एक गणिती सूत्र पूर्ण फाइल वाचून ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ तयार करतं. फाइलमध्ये एक कणभर बदल झाला तरी ओळ पूर्ण बदलते. दर काही महिन्यांनी संगणक सगळ्या फायलींचे ठसे पुन्हा घेतो, जुन्यांशी ताडतो आणि न जुळणारी फाइल दुसऱ्या गावातल्या प्रतीवरून पुन्हा भरून घेतो. हे काम कायम चालू ठेवावं लागतं. डिजिटल संग्रह म्हणजे तुळस. लावून मोकळं होता येत नाही, रोज पाणी घालावं लागतं.

टेपची घाई तर तबकड्यांपेक्षाही मोठी आहे. युनेस्कोच्या एका उपक्रमाने आणि ध्वनिसंग्रहांच्या त्याच संघटनेने २०१९ च्या सुमारास इशारा दिला होता की २०२५ च्या आसपास चुंबकीय फिती वाजवणारी यंत्रं नियमित वापरासाठी मिळेनाशी होतील. फीत चांगली असूनही यंत्राचं हेड मिळत नाही, पट्टा मिळत नाही आणि दुरुस्त करणारा माणूस तर नाहीच नाही. आपल्याकडे हा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा आहे, कारण जुन्या मैफिलींची खासगी ध्वनिमुद्रणं बहुतेक टेपवर आहेत. तीन मिनिटांच्या तबकडीत न मावलेला ख्याल याच स्पूलांत आणि कॅसेटींत आहे. माझ्या हाती असतं तर आधी टेप घ्या, तबकड्या थांबतील, असंच मी सांगितलं असतं.

कायदा काय म्हणतो

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो. १९५० ची तबकडी २०१० च्या अखेरीस मोकळी झाली. पण तबकडीत एकच हक्क नसतो. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, आणि त्यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल असलेली १९५० च्या दशकातली एखादी तबकडी घ्या. ध्वनिमुद्रण मोकळं झालं, शब्द २०३७ च्या अखेरपर्यंत आणि चाल २०६२ च्या अखेरपर्यंत हक्कात. पारंपरिक बंदिशीचा प्रश्न त्यामानाने सोपा.

जपणं आणि जगासमोर ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून समजून घ्यायचं. २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडे मूळ प्रत असेल तर, जपणुकीसाठी डिजिटल प्रत ठेवायला परवानगी दिली आहे. सरसकट इंटरनेटवर टाकायला नाही. इंटरनेट आर्काइव्हने ७८ च्या तबकड्या मोठ्या प्रमाणावर खुल्या केल्या तेव्हा २०२३ मध्ये अमेरिकेत ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्यांच्यावर खटला भरला. म्हणून प्रत्येक नोंदीला 'खुलं', 'जागेवर येऊन ऐका' आणि 'अमुक वर्षापर्यंत बंद' असा शेरा हवा. वर्ष आलं की दार उघडतं.

खासगी मैफिलीच्या टेपांत कायद्यापलीकडचंही काही असतं. एखाद्या बुवांनी विश्वासातल्या चार माणसांसमोर शिकवलेली चीज सगळ्यांसाठी खुली करावी का? गुरुग्रामचं 'आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' १९८२ पासून हे काम करतं. तिथे संग्रह देणारा माणूस कोणी, कशा अटीवर ऐकावं हे लिहून देतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. विश्वास असेल तरच लोक टेप बाहेर काढतात.

स्वतंत्र कशासाठी?

आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला आपल्या स्टुडिओंतून बाहेर काढलं. ती बंदी उठायला १९७१ उजाडलं. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री बा. वि. केसकरांच्या काळात चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि अख्खा देश रेडिओ सिलोन ऐकू लागला. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली तेव्हा ती गाणी परत आली. आता कल्पना करा की त्या वर्षांचं देशाचं संगीत फक्त सरकारी संग्रहातूनच आपल्यापर्यंत पोचलं असतं. तीस वर्षं हार्मोनियम वाजलीच नाही, असं वाटलं असतं.

सरकारी संग्रहाने मोठं काम केलेलं आहे आणि आकाशवाणीकडचा ठेवा अमूल्य आहे. पण सरकारची आवडनिवड असते, काळाची शिष्टमान्यता असते, आणि काय ठेवायचं ते तीच ठरवते. कंपनी विकलं जाईल ते ठेवते. लोकप्रिय पाचशे गाणी दहा वेळा नव्याने येतात, बाकीची गोदामात पडतात. ब्रिटनच्या बीबीसीनेसुद्धा १९६० आणि ७० च्या दशकांत टेप महाग म्हणून कार्यक्रम पुसून त्यांवर नवे भरले. तेव्हा तो काटकसरीचा साधा निर्णय होता, कुणी वाईट माणूस नव्हता.

स्वतंत्र संग्रहाला यातलं काहीच बंधन नसतं. तो तमाशातली लावणी, मेळ्याची पदं, जत्रेत विकल्या गेलेल्या कॅसेटी आणि दोनशे प्रती निघालेली तबकडी यांना खाँसाहेबांच्या शेजारी बसवू शकतो. इतिहासकार विक्रम संपत यांनी उभा केलेला 'आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक' हा खासगी न्यासाचा संग्रह अशाच जिद्दीतून झाला. त्यातल्या जुन्या तबकड्या कुणालाही घरबसल्या, विनामूल्य ऐकता येतात.

या स्वातंत्र्याची किंमतही आहे. स्वतंत्र संग्रह बहुधा एका माणसाच्या वेडावर चालतो. तो माणूस थकला की पासवर्ड कुणाला माहीत नसतो, सर्व्हरचं भाडं थकतं, आणि घर बदलताना तबकड्या रद्दीवाल्याकडे जातात. म्हणून न्यास करणं, दोन-तीन तरुण माणसं आतल्या कामात घेणं, फायली आणि नोंदी अशा साध्या प्रकारांत ठेवणं की उद्या कुठल्याही दुसऱ्या संस्थेला उचलून नेता येतील, आणि 'आम्ही बंद पडलो तर हे सगळं अमक्याकडे जाईल' असा करार आधीच करून ठेवणं, ही कामं मुद्रणाइतकीच महत्त्वाची. काका गेल्या वर्षी पंच्याहत्तर वर्षांचे झाले, तेव्हा आम्ही असा कागद केला. त्यांनी सही केली आणि लगेच पुढची तबकडी धुवायला घेतली.

तुमच्या घरी अशी पेटी असेल तर एवढं करा. तबकड्या एकावर एक आडव्या ठेवू नका, उभ्या ठेवा. जुन्या ग्रामोफोनवर पोलादी पिनेने 'एकदाच' वाजवून बघण्याचा मोह आवरा. स्पिरिट लांब ठेवा. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे आणि लेबलाजवळच्या कोरलेल्या क्रमांकांचे फोटो घ्या, प्रकाश तिरका पडू द्या. आणि घरात ज्यांना ही गाणी आठवतात त्यांना शेजारी बसवून, फोनचं मुद्रण चालू करून, एकेक तबकडी त्यांच्या हातात द्या. कुणी आणली, कुठून आणली, कधी वाजायची, गाणारी व्यक्ती कोण, ते बोलतील तसं बोलू द्या. मग प्रत्येक तबकडीच्या पाकिटावर एक क्रमांक घाला आणि बोलण्याच्या फाइललाही तोच क्रमांक द्या. क्रमांक पेन्सिलने घाला, शाईने नको. शाई कागदातून पाझरते आणि दमट हवेत तबकडीवर उतरते.